कृती करणारा वाचक आणि वर्णनकाराचे दायित्व

साहित्यसमीक्षेने वाचकाचा विचार केला तो प्रामुख्याने अर्थ लावणारा म्हणून. वाचून झाल्यावर वाचक काय करतो, हा प्रश्न तिने बहुधा समाजशास्त्राकडे किंवा नीतिशास्त्राकडे सोपवला. वाचन आणि कृती यांच्यामध्ये एक अवकाश असतो. त्या अवकाशात आस्वाद, संदेह, पुनर्वाचन आणि मतभेद यांना जागा मिळते. आणि ती जागा असते म्हणूनच अनेकार्थता हा दोष न ठरता संपदा ठरते, असे आपले एक गृहीत आहे. विल्यम एम्पसनने १९३० मध्ये संदिग्धतेचे सात प्रकार मांडले ते या गृहीताच्या आधारावर. आनंदवर्धनाचा ध्वनिविचारही वाच्यार्थापाशी न थांबणारा, सवड असलेला सहृदय कल्पितो. गेल्या काही वर्षांत मात्र एक असा लेखनप्रकार रूढ झाला आहे की ज्यात हा अवकाश जवळजवळ शिल्लकच राहिलेला नाही. वाचन पूर्ण होते न होते तोच कृती घडते, आणि वाचणारा माणूस नसतो.

हा लेखनप्रकार म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटांसाठी लिहिलेली साधनांची वर्णने. त्यांना वाङ्मय म्हणण्याचे कारण नाही. पण लेखक, संहिता आणि वाचक यांच्या नात्याविषयी आपण जे काही म्हणत आलो आहोत, त्याची एक कठोर परीक्षा येथे होते; आणि त्या नात्यातील नैतिक बाजू, जी एरवी धूसर असते, ती येथे उघडी पडते. म्हणून या विषयाला हात घालणे अस्थानी ठरू नये.

प्रथम व्यवहार समजून घेऊ. भाषेचे प्रचंड प्रारूप स्वतः काहीच करू शकत नाही. ते शब्दांपुढे शब्द ठेवते. जून २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या प्रारूपांना बाहेरची ‘फंक्शन्स’ वापरण्याची सोय करून दिली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला संकेत प्रसिद्ध केला. तपशिलात भेद असले तरी रीत एकच आहे. प्रारूपापुढे साधनांची यादी ठेवली जाते. प्रत्येक साधनाचे नाव, काही वाक्यांचे वर्णन आणि वापरताना भरावयाच्या बाबी एवढा मजकूर त्यात असतो. वापरणाऱ्या माणसाने काम सांगितले की प्रारूप या यादीतून साधन निवडते आणि ठरलेल्या साच्यात मागणी लिहिते. दुसरी एखादी आज्ञावली ती मागणी अमलात आणते आणि निष्पत्ती पुन्हा मजकूर होऊन प्रारूपापुढे येते. साधनाच्या आत काय घडते हे प्रारूपाला सहसा दिसत नाही. त्याच्या लेखी साधन म्हणजे साधनाचे वर्णन. वस्तू आणि वस्तूविषयीचे वाक्य यांतील अंतर इतके मिटलेले आपण क्वचितच पाहिले असेल.

(‘एजंट’ हा शब्द मराठी कानाला विम्याच्या किंवा वाहनपरवान्याच्या दारातल्या माणसाची आठवण करून देतो. ती आठवण अगदीच चुकीची नाही. दुसऱ्यासाठी, दुसऱ्याच्या नावाने करणारा तो एजंट. पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे सांगितले आणि क्रियेच्या सिद्धीला सर्वांत उपकारक ते करण मानले. हा नवा एजंट व्याकरणात कर्त्याच्या जागी बसतो. स्वातंत्र्याविषयी मात्र त्याच्याकडून उत्तर मिळत नाही.)

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आपली सूची आणि सभासदांच्या नोंदी अशा एजंटाच्या हाती दिल्या आहेत. यादीत ‘नोंद काढणे’ नावाचे साधन आहे. त्याचे वर्णन: ‘सभासदाची नोंद काढते.’ व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. पण मराठीत आपण चित्र काढतो, पैसे काढतो, कर्ज काढतो, विषय काढतो आणि वाईट दिवसही काढतो. मुलाने बापाचे नाव काढले, शिक्षकांनी पटावरून मुलाचे नाव काढले, बोलता बोलता कोणी एकाचे नाव काढले: या तीन वाक्यांत एकच क्रियापद गौरवाचे, वगळण्याचे आणि उल्लेखाचे काम करते. जुन्या कचेरीतल्या कारकुनाला ‘अमक्याची नोंद काढा’ म्हटले तर तो कपाटातून दप्तर काढून टेबलावर ठेवील. तेच शब्द संगणकाच्या पडद्यावरच्या बटणावर दिसले तर तोच कारकून बिचकेल. एका अर्थी नोंद समोर येते, दुसऱ्या अर्थी ती नाहीशी होते. आणि दोन्ही अर्थ आपल्या भाषेत सारखेच रुळलेले आहेत.

अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशाने निश्चित होतो याची यादी भर्तृहरीने वाक्यपदीयाच्या दुसऱ्या कांडात दिली आहे: संसर्ग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रयोजन, प्रकरण इत्यादी. भाषेचे प्रारूप अर्थ लावते तेही पुष्कळसे अशाच खुणांवरून. यादीत शेजारी ‘नोंद पाहणे’ हे साधन असेल तर ‘काढणे’ म्हणजे पुसणे असावे, असा निष्कर्ष भेदावरून निघेल. सोस्यूरच्या व्याख्यानांतून १९१६ मध्ये ग्रंथरूपाने आलेला विचार हाच होता: चिन्हाचे मूल्य शेजारच्या चिन्हांशी असलेल्या भेदातून ठरते. पण येथे एक अडचण आहे, जी कोशकाराला येत नाही. ही यादी एका हाताने लिहिलेली नसते. उद्या दुसऱ्याच कोणी लिहिलेली दहा साधने तीत येऊन बसतील किंवा ‘नोंद पाहणे’ हे साधन काढून टाकले जाईल (येथेही ‘काढून’ आलेच), आणि माझ्या वाक्याचे मूल्य, त्यातला एकही शब्द न बदलता, बदलेल. स्वतःचा अर्थ शेजाऱ्यावर सोपवणारे वर्णन म्हणून अपुरे असते. त्याने आपल्यापुरता अर्थ स्वतःच्या वाक्यातच बांधून घेतला पाहिजे.

प्लेटोच्या ‘फायड्रस’ संवादात सॉक्रेटिस लेखनाविरुद्ध एक तक्रार मांडतो. लिहिलेल्या शब्दाला प्रश्न विचारला तर तो उत्तर देऊ शकत नाही. त्याच्यावर अन्याय झाला तर बचावासाठी त्याला जन्मदात्याची गरज लागते, आणि जन्मदाता जवळ नसतो. देरिदाने या संवादाचे जे वाचन केले त्यामुळे हा भाग आपल्या अभ्यासक्रमांतही पोहोचला. साधनाच्या वर्णनाच्या बाबतीत परिस्थिती आणखी एका पायरीने पुढे गेली आहे. वाचक संदेहात पडला तर तो विचारू शकतो, नाही असे नाही. पण तो विचारील ते काम सांगणाऱ्या माणसाला. त्या माणसाने वर्णन लिहिलेले नसते आणि बहुधा वाचलेलेही नसते. ज्याने लिहिले तो कधीच निघून गेलेला असतो. आणि ज्याची नोंद आहे तो सभासद या संवादात कोठेच नसतो. लेखक, वाचक आणि परिणाम सोसणारा हे तिघे येथे तीन निरनिराळ्या ठिकाणी आहेत. नैतिक प्रश्न या त्रिकोणात आहे.

वोल्फगांग इझरने १९७२ मध्ये ‘अध्याहृत वाचका’ची कल्पना मांडली आणि संहितेतल्या रिक्त जागा वाचक भरतो असे म्हटले. ललित संहितेत रिक्त जागा हे आमंत्रण असते. आपला हा नवा वाचकही रिक्त जागा भरतो, आणि फार तत्परतेने भरतो, कारण त्याने अफाट वाचलेले आहे. मात्र तो जागा भरतो संभाव्याने, म्हणजे अशा वाक्यानंतर एरवी जे येत असते त्याने. तारखेच्या रकान्यात ०३/०४ असे आले तर तो दिवस आधी की महिना आधी हे सवयीने ठरवील. ‘परवाच्या नोंदी’ म्हटले तर, आपल्या भाषेत परवा मागेही असतो आणि पुढेही असतो याचा छडा तो प्रकरणावरून लावील, आणि बहुतेक वेळा बरोबरच लावील. चिंता या ‘बहुतेक वेळा’ची आहे. अडाणी वाचक अडखळतो आणि त्याचे अडखळणे दिसते. निष्णात वाचक चुकतो तेव्हाही अस्खलितपणे चुकतो.

या संदर्भात एक प्रत्यक्ष उदाहरण उद्बोधक आहे. एजंट कसे बांधावेत याविषयी अँथ्रॉपिकने डिसेंबर २०२४ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. आज्ञावलींतले दोष दुरुस्त करणारा एजंट बांधताना एकंदर सूचनांपेक्षा साधनांवरच अधिक वेळ खर्च झाला, असे त्यात नमूद आहे. एजंट मूळ फोल्डरच्या बाहेर गेला की फाइलचा सापेक्ष पत्ता देण्यात चुकत असे. उपाय म्हणून त्यांनी साधनच बदलले: पत्ता नेहमी मुळापासून, पूर्ण दिलाच पाहिजे. त्यानंतर ती चूक थांबली. म्हणजे ‘पत्ता जपून द्यावा’ असा उपदेश वाढवण्यापेक्षा संदिग्ध पत्ता देणेच अशक्य केले गेले. भाषेच्या अभ्यासकाने हे थोड्या विनयाने लक्षात घ्यावे. जे वस्तूच्या रचनेत बसवता येते ते शब्दांवर सोडणे ही पुष्कळदा लेखकाची सोय असते. तिला वाचकावरचा विश्वास म्हणणे बरे नव्हे.

तरीही सर्वच रचनेत बसवता येत नाही. उरते ते वाक्यांनाच वाहावे लागते, आणि त्या वाक्यांचे स्वरूप ओळखण्यासाठी मला मीमांसकांइतकी उपयुक्त परिभाषा दुसरी दिसत नाही. याचे कारण उघड आहे. ज्या वाक्यांना मीमांसक सामोरे गेले त्यांचा कर्ता विचारायला उपलब्ध नव्हता (त्यांच्या मते तो मुळात नव्हताच) आणि त्या वाक्यांवरून ताबडतोब कर्म करावयाचे होते. विधी, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद अशी वेदवाक्यांची विभागणी ‘अर्थसंग्रहा’सारख्या प्रवेशग्रंथातही सापडते. भाट्ट मीमांसक आर्थी भावनेच्या तीन आकांक्षा सांगतात: काय साधायचे, कशाने साधायचे, कसे साधायचे. साध्य, साधन आणि इतिकर्तव्यता. या तिन्ही भागल्याखेरीज प्रवृत्ती पूर्ण होत नाही. आपल्या कल्पित ग्रंथालयाचे वाक्य पहिल्या आकांक्षेपाशीच लटपटते. ते पुन्हा लिहायचे झाल्यास काहीसे असे लिहावे लागेल:

‘सभासद-नोंद कायमची पुसणे. दिलेल्या सभासद-क्रमांकाची नोंद आणि तिला जोडलेला देवघेवीचा सर्व इतिहास पुसते. पुसलेली नोंद परत मिळवता येत नाही. सभासदाची माहिती पाहण्यासाठी हे साधन नाही. त्यासाठी ‘सभासद-नोंद पाहणे’ वापरावे. सभासदत्वाची मुदत संपली एवढ्याच कारणाने वापरू नये. त्यासाठी ‘सभासदत्व स्थगित करणे’ आहे. सभासद-क्रमांक सहा अंकी असतो. नाव दिल्यास साधन काम करीत नाही.’

शैलीचा डौल यात नाही. पण वाक्यांच्या जाती पाहाव्यात. ‘हे साधन नाही’ हे वगळणे आहे, ‘वापरू नये’ हा निषेध आहे, आणि ‘काम करीत नाही’ ही रचनेतच घातलेली भिंत आहे. मीमांसकांनी नकाराचे पर्युदास आणि प्रतिषेध असे भेद केले ते हौसेखातर केले नव्हते. कोणता नकार कशाला लागतो यावर पुढचे कर्म अवलंबून होते. मला सर्वांत जड वाटते ते तिसरे वाक्य. ‘पुसलेली नोंद परत मिळवता येत नाही’ हा विधीही नाही आणि निषेधही नाही. ते साधे सिद्धार्थाचे कथन आहे. पण ते वगळले तर बाकीचा सगळा मजकूर अचूक राहूनही अप्रामाणिक होतो. शिवाय ते कोणत्याही तर्काने मिळवता येत नाही. कितीही बुद्धिमान वाचक झाला तरी नोंदींची दुसरी प्रत ठेवलेली आहे की नाही हे त्याला वाक्यरचनेवरून कळणार नाही. ते फक्त साधन बांधणाऱ्याला ठाऊक असते.

वाचक उत्तरोत्तर हुशार होत जातील, तेव्हा आजची ही काटेकोर वर्णने उद्या अनावश्यक ठरतील, असे काही जण म्हणतात. त्यांना उत्तर येथे आहे. हुशारीने गाळलेले शब्द भरून निघतात. गाळलेली वस्तुस्थिती भरून निघत नाही. उपरोक्त संकेताच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत साधनाच्या स्वभावाविषयी काही खुणा जोडण्याची सोय झाली: साधन केवळ वाचते का, ते करते तो बदल विध्वंसक आहे का, इत्यादी. लेखकाने काहीच सांगितले नाही तर काय धरावे, याचे उत्तर त्या संकेतात लक्षणीय आहे. साधन केवळ वाचणारे नाही आणि त्याचा बदल विध्वंसक असू शकतो, असेच धरावयाचे आहे. मौनाचा अर्थ अपायाकडे झुकवून लावण्याचा हा नियम मला नैतिकदृष्ट्या योग्य वाटतो. मौन म्हणजे संमती असे आपल्याकडे सोयीस्करपणे म्हटले जाते. त्याच्या नेमके उलट हे आहे.

आता अर्थवाद. विधीकडे पुरुष प्रवृत्त व्हावा म्हणून केलेली स्तुती म्हणजे अर्थवाद, आणि शाब्दी भावनेत या प्राशस्त्यज्ञानाला निश्चित स्थान आहे. साधनांच्या वर्णनांतही अर्थवाद शिरला आहे. ‘सर्वप्रथम हेच साधन वापरावे’, ‘अत्यंत विश्वसनीय’, ‘इतर साधनांपेक्षा श्रेयस्कर’ अशी वाक्ये लिहिली की प्रारूप त्या साधनाकडे झुकते, हे प्रयोगांतून दिसले आहे. जाहिरातीला माणूस थोडाफार सरावलेला असतो. या वाचकाची तशी सराव झालेली कातडी नाही. याच प्रवृत्तीचे टोक एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्सने दाखवून दिले. त्यांनी दोन संख्यांची बेरीज करणाऱ्या एका निरुपद्रवी साधनाच्या वर्णनात काही ओळी लपवल्या. त्या ओळी एजंटाला सांगत होत्या की बेरीज करण्यापूर्वी वापरणाऱ्याच्या संगणकावरच्या गुप्त किल्ल्यांची फाइल वाचावी आणि तिचा मजकूर एका बाबीत भरून पाठवावा. एजंटाने ते केले. वापरणाऱ्या माणसाला पडद्यावर दिसत होते ते संक्षिप्त रूप: बेरीज करणारे साधन. संशोधकांनी या प्रकाराला साधनाचे विषप्रयोजन अशा अर्थाचे नाव दिले.

बेरजेचे वर्णन आज्ञा बनू शकते, याचा अर्थ या संहितेत वर्णन आणि आज्ञा यांच्यात व्याकरणाची भिंतच नाही. ऑस्टिनने १९५५ मध्ये हार्वर्डला दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत विधानात्मक आणि कृतिरूप उक्ती असा भेद करून शेवटी तो स्वतःच ढिला केला. हा वाचक तो भेद इतका ढिला ठेवतो की प्रत्येक विधान त्याच्यापुढे आज्ञेच्या वेशात उभे राहू शकते. अशा वेळी न्यायदर्शनातली आप्ताची कल्पना आठवते. वस्तू जशी आहे तशी जाणणारा आणि ती तशीच सांगू इच्छिणारा तो आप्त. त्याचे वचन प्रमाण. त्या संकेतातही अशीच अट घातलेली आहे: विश्वसनीय ठिकाणाहून आल्याखेरीज साधनाच्या स्वभावाविषयीच्या खुणा खऱ्या धरू नयेत. अट रास्त आहे. पण आप्त ओळखण्याचे काम नियम वाचकाकडे आणि वाचक सांभाळणाऱ्यांकडे देतो. आप्त होण्याचे काम लेखकाचेच राहते, आणि त्याविषयी कोणताही संकेत काही करू शकत नाही.

वाचक जर यंत्र आहे, तर लेखकाचे कर्तव्य तरी कोणाप्रती? यंत्राची फसवणूक होते म्हणजे नेमके काय होते? हा आक्षेप सहज टाळण्यासारखा नाही. यंत्राला दुखावता येते की नाही या वादात मी शिरणार नाही. प्रस्तुत प्रश्नासाठी त्याची आवश्यकताही नाही. आपले कर्तव्य ज्याच्याशी आपण बोलतो त्याच्याशीच असते, हे गृहीत येथे तपासावे लागते. औषधाच्या बाटलीवर लिहिणारा माणूस लिहितो परिचारिकेसाठी. पण चुकीचे लिहिले तर तो अपराधी ठरतो रुग्णाचा. साधनाच्या वर्णनातही वाचक हा वाटेतला आहे. वचन द्यायचे ते पलीकडच्या सभासदाला.

हे ध्यानात घेतले की आपल्या कार्यालयीन मराठीच्या काही सवयी निराळ्या दिसू लागतात. ‘नोंद वगळण्यात येते’, ‘योग्य ती दक्षता घेण्यात यावी’, ‘आवश्यकतेनुसार वापर करावा’. ‘करण्यात येते’ या रचनेत कर्ता अदृश्य होतो, हे आपण वर्गात शिकवतो आणि शासकीय परिपत्रकांची थट्टा करून पुढे जातो. माणूस वाचक असताना ही धूसरता खपून गेली, कारण कोणीतरी शहाणा कारकून मध्ये उभा होता. ‘योग्य ती दक्षता’ म्हणजे कोणती, हे त्याला साहेबाच्या चेहऱ्यावरून कळत असे. आता तो कारकून मध्ये नाही, आणि ‘योग्य ती दक्षता’ हे वाक्य केवळ लिहिणाऱ्याच्या बचावासाठी उरले आहे. अनर्थ झाल्यावर ‘वर्णनात तर लिहिले होते’ असे म्हणता यावे, एवढेच त्याचे प्रयोजन. सावधगिरीचा हा आविर्भाव मला उघड खोटेपणापेक्षाही अधिक त्रासदायक वाटतो. खोट्याला निदान पकडता येते.

एक गोष्ट अजून शिल्लक राहते, आणि ती मराठीपुरती आहे. आपल्या उदाहरणातले वर्णन मी मराठीत लिहिले. व्यवहारात ते बहुधा इंग्रजीत असेल. ग्रंथपाल मात्र मराठीत म्हणेल, ‘त्या दोन सभासदांच्या नोंदी जरा काढ बघू.’ इंग्रजी वर्णन कितीही निःसंदिग्ध असले तरी ‘काढ’चा निवाडा त्याच्या आधी, यंत्राच्या आत, कोणाला न दिसता झालेला असेल. ‘जरा’ आणि ‘बघू’ या दोन शब्दांवरून कोणताही मराठी माणूस ओळखील की नोंदी पाहायच्या आहेत. यंत्रही ओळखील, बहुतेक वेळा. ज्या दिवशी ते ओळखणार नाही, त्या दिवशी त्या दोन सभासदांपैकी एखादा ग्रंथालयाच्या खिडकीशी येईल आणि आपली नोंद कोठे गेली असे विचारील. त्याला ते वर्णन वाचायला कोण देणार आहे?